देव आहे का? नास्तिक माणूस या प्रश्नाकडे नेमका कसा बघतो?

अर्धविराम (धागाकर्ता):

"देव नाही हे सिद्ध करून दाखव बघू." गणपतीत, सत्यनारायणाला, कोणाच्या तेराव्याला हे वाक्य देव न मानणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडलेलं असतं. विचारणाऱ्याला वाटतं, याच्याकडे 'देव नाही' असा काहीतरी पुरावा असणार, तो मागितला की याची बोलती बंद. पण माझ्या ओळखीचे बहुतेक नास्तिक तिथून सुरुवातच करत नाहीत. ते कुठून सुरुवात करतात यावर नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतोय.

कोणी 'देव आहे' म्हणालं की मी आधी विचारतो, कोणता देव आणि तो काय करतो? नवसाला पावणारा, दुखणं बरं करणारा देव वेगळा. विश्व घडवून बाजूला झालेला वेगळा. आणि 'देव म्हणजे माझ्या मनाची शांती' म्हणणाऱ्याचा तर फारच वेगळा. या सगळ्यांना एकाच दमात 'नाही' म्हणणं मला जमत नाही, आणि एकाच दमात 'आहे' कसं म्हणता येतं हेही कळत नाही.

जगात येऊन काहीतरी करणाऱ्या देवाचं तरी बरं, तिथे तपासायला काहीतरी हाती लागतं. २१ सप्टेंबर १९९५ अनेकांना आठवत असेल. गणपती दूध पितो ही बातमी दिल्लीतून निघाली आणि बघता बघता मुंबईतल्या देवळांबाहेरही रांगा लागल्या. भरलेला चमचा सोंडेला टेकवायचा, जरासा कलता धरायचा, आणि दूध कमी होताना दिसायचं. लोक खोटं बोलत नव्हते, दूध खरंच कमी होत होतं. पृष्ठताणामुळे (द्रवाच्या पृष्ठभागाला असलेल्या ताणामुळे) चमच्याच्या काठावरचं दूध मूर्तीकडे ओढलं जातं आणि अगदी पातळ थराने खाली ओघळतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध, दिसणार कसं? शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला तेव्हा ओघळ दिसला.

मला त्यातलं रंग मिसळणं फार मोलाचं वाटतं. 'आपण समजतोय ते चुकीचं असेल तर ते आपल्याला कळेल कसं?' हा प्रश्न त्या चमचाभर रंगात आहे. माझ्या लेखी नास्तिकपणाची सुरुवात तिथे होते, 'देव नाही' या घोषणेत नाही.

ऑगस्ट २००६ मध्ये माहीमला समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून हजारो माणसं रात्री किनाऱ्यावर गेली. बाटल्या भरल्या, लहान मुलांना पाजलं. मिठी नदी तिथेच समुद्राला मिळते, आणि भर पावसाळा होता. गोड्या पाण्याचा लोंढा खाडीत आला की पाण्याचा खारटपणा कमी होणारच. त्या नदीत काय काय सोडलं जातं ते मुंबईकराला सांगायला नको. महापालिका पाणी पिऊ नका म्हणून सांगत होती, लोक पीत होते. तेव्हा 'कशावरून?' हा प्रश्न म्हणजे पंडितांची करमणूक असं कोणी म्हणू नये. त्या पाण्याने कोणाचंही पोर आजारी पडलं असतं.

टाळकरी:

मी माळकरी आहे. आळंदी ते पंढरपूर पायी जातो. दूध पिणारा गणपती मलाही पटला नव्हता आणि माहीमचं पाणी मी तोंडाला लावलं नसतं. तुम्ही जे खोडून काढलंत त्यात माझा देव नव्हताच.

वारीत माझ्या शेजारून चालणारी बाई काही मागायला आलेली नसते. तिला घरी सून विचारत नाही, गुडघे दुखतात, तरी ती चालते आणि रात्री भजनात तिचा चेहरा बघा. त्या चेहऱ्यामागे काहीच नाही असं तुम्ही म्हणणार का? विठ्ठल ही सिद्ध करायची वस्तू नाही. अनुभव घ्यायला चालावं लागतं.

अर्धविराम:

टाळकरी, त्या चेहऱ्यामागे खूप काही आहे, आणि त्याला खोटं म्हणायची माझी प्राज्ञा नाही. अनुभवाबद्दल माझा वादच नाही. वाद आहे तो अनुभवावरून काढलेल्या निष्कर्षाबद्दल. त्या बाईला मिळालेला आनंद शंभर टक्के खरा, पण तो कुठून आला? हजारो माणसांसोबत ताल धरण्यातून, घरच्या कटकटीपासून लांब असण्यातून, कोणीतरी 'माउली' म्हणून हाक मारण्यातून, की विटेवर उभ्या असलेल्या कोणाकडून? आनंद स्वतः याचं उत्तर देत नाही. अजमेरच्या दर्ग्यात, वेलंकनीला, सुवर्णमंदिरातही असे चेहरे दिसतात आणि प्रत्येकाच्या मते त्यामागचा देव निराळा आहे.

मिठागर:

मी स्वतःला अज्ञेयवादी म्हणवतो, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा. प्रार्थनेने दुखणं बरं होतं का, हे खरोखर तपासलं गेलंय. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांतल्या बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवरच्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तीन गट होते. दोन गटांना सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही, आणि त्यातल्या एकासाठीच प्रार्थना झाली. तिसऱ्या गटाला प्रार्थना होणार हे पक्कं सांगितलं होतं. गुंतागुंत झाली ती अशी: माहीत नसताना प्रार्थना झाली त्यांच्यात ५२ टक्के, झाली नाही त्यांच्यात ५१ टक्के, आणि पक्कं माहीत होतं त्यांच्यात ५९ टक्के. म्हणजे प्रार्थनेचा उपयोग दिसला नाही.

यावरून देव नाही असं मात्र निघत नाही. देवाने परीक्षेला बसायचं नाकारलं असेल. म्हणून मी 'माहीत नाही' यावर थांबतो आणि तेच मला प्रामाणिक वाटतं.

अर्धविराम:

मिठागर, एक विचारतो. मुंज्या, समंध, वेताळ यांच्याबद्दलही तुम्ही 'माहीत नाही' म्हणता का? पिंपळावर मुंजा नाही हे कोणीच सिद्ध केलेलं नाही. तरी रात्री पिंपळाखालून जाताना तुम्ही तो नाही असंच धरून चालता. मीही देवाबद्दल तेवढंच करतो. उद्या चांगला पुरावा आला तर मत बदलेन, पण आज पुरावा नसताना 'असेलही, नसेलही' असं पन्नास-पन्नास धरायचं कारण मला दिसत नाही.

मिठागर:

मुंज्याबद्दल नाही म्हणत. मुंजा पिंपळावर बसतो, माणसाला धरतो, म्हणजे तो काय करतो हे ठरलेलं आहे. विश्वाच्या मुळाशी काय आहे, याबद्दल मात्र मला खरंच माहीत नाही. तिथे मुंज्याचा दाखला लागू पडत नाही.

अर्धविराम:

हे मान्य. विश्वाच्या मुळाशी काय आहे ते मलाही माहीत नाही. फक्त त्या 'माहीत नाही'च्या जागी मी देव बसवत नाही.

जुनी_पोथी:

इथे सगळे हे वाद पाश्चात्त्यांकडून आल्यासारखे बोलताहेत, म्हणून लिहावंसं वाटलं. विश्वाच्या मुळाचा वाद आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी रंगात होता.

न्यायदर्शन या तर्कावर भर देणाऱ्या वैदिक परंपरेतल्या उदयनाचार्यांचा एक युक्तिवाद ढोबळमानाने असा: मडकं हे कार्य आहे, त्याला कुंभार लागतो. जग हेही कार्य आहे, म्हणून त्यालाही कर्ता हवा. बौद्ध तार्किक रत्नकीर्तीने अशा मांडणीच्या चिंधड्या केल्या. मडकी घडवताना आपण कुंभाराला पाहिलेलं आहे म्हणून मडकं बघून कुंभार आठवतो. जगं घडताना कोणी पाहिली आहेत? आणि कुंभाराला देह असतो, माती बाहेरून आणावी लागते. हेच उदाहरण जगाला लावायचं तर अर्धंच का लावायचं?

त्याहून मला महत्त्वाचे वाटतात ते सातव्या शतकाच्या आसपासचे कुमारिल भट्ट. कट्टर वैदिक, यज्ञ मानणारा माणूस. त्यांनी विचारलं की सृष्टीच्या आधी तो कर्ता होता हे सांगायला साक्षीदार कोण? त्याला देह होता का, असेल तर तो कोणी घडवला? आणि दयाळू असेल तर दुःखाने भरलेलं जग कशाला केलं? कुमारिलांसारख्या मीमांसकांना (वेदांतल्या यज्ञकर्माचा अर्थ लावणाऱ्या पंडितांना) यज्ञाच्या फळासाठी ईश्वराची गरजच नव्हती. देव न मानता वेद मानणारी माणसं आपल्या परंपरेत होती आणि त्यांना कोणी वाळीत टाकलं नाही.

सांख्य या दुसऱ्या जुन्या दर्शनाच्या सूत्रांत तर 'ईश्वरासिद्धेः' असं सरळ म्हटलंय. ईश्वर सिद्ध होत नाही, बस. पुढे विज्ञानभिक्षूने टीका लिहिताना नेमकं बोट ठेवलं की सूत्रकाराने ईश्वर नाही असं म्हटलेलं नाही, सिद्ध होत नाही एवढंच म्हटलंय. अर्धविराम आणि मिठागर यांची वरची चर्चा वाचून मला तीच आठवण झाली.

वसईची_केळी:

मी कॅथलिक घरातली. नोकरीनिमित्त रोज वांद्र्याला उतरते. सप्टेंबरात माउंट मेरीची जत्रा भरते तेव्हा चढणीवरच्या दुकानांतून मेणाच्या वस्तू विकायला असतात. मेणाचा हात, पाय, डोळे, बाळ, घर. ज्याचा पाय दुखतो त्याने पाय न्यायचा, ज्याला मूल हवंय त्याने बाळ न्यायचं. सगळ्या धर्मांची माणसं येतात. लहानपणी आईसोबत जायचे तेव्हा मला प्रश्न पडायचा की आईने नेलेलं बाळ आणि शेजारच्या बाईने नेलेलं बाळ, दोन्ही सारखीच. आमच्याकडे भाऊ झाला, त्या बाईला मूल झालंच नाही. तिच्या बाळाचं काय झालं, हे मला कोणीच सांगू शकलं नाही. माझी श्रद्धा तिथे हलली.

मोठी झाल्यावर एक गोष्ट वाचून बरं वाटलं. महास्फोटाच्या (बिग बँगच्या) सिद्धान्ताची पायाभरणी करणारे जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी त्या सिद्धान्ताचा संबंध ईश्वरी निर्मितीशी जोडला, ते खुद्द लमेत्रना रुचलं नाही. विज्ञानाचा सिद्धान्त पुराव्यावर उभा राहील किंवा पडेल, त्याच्या खांद्यावर देवाला बसवू नका, अशी त्यांची भूमिका होती. इतका स्वच्छ विचार करणारा श्रद्धाळू माणूस मला आवडतो.

पाऊसवेडी:

वसईची, त्या बाईच्या बाळाचं वाचून थांबले क्षणभर.

२६ जुलै २००५ ला मी कालिन्याहून घरी चालत निघाले होते. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. छातीइतक्या पाण्यात अनोळखी माणसांनी दोर धरून आम्हाला पलीकडे नेलं. घरी पोचल्यावर सगळे म्हणाले, देवाने वाचवलं. त्याच दिवशी साकीनाक्याला दरड कोसळून झोपड्यांतली माणसं गेली. त्यांच्या घरातही देव्हारे होते. 'देवाने मला वाचवलं' म्हणताना त्यांच्याबद्दल आपण काय म्हणतोय, हे माझ्या घशाखाली उतरेना. मला दोर धरणाऱ्यांनी वाचवलं. त्यांचे आभार मानायचे राहिले याची हळहळ आजही आहे.

अर्धविराम:

तुम्हा दोघींच्या प्रतिसादांना जोडणारी एक फार जुनी गोष्ट रोमन लेखक सिसेरोने सांगितली आहे. डायागोरस नावाचा ग्रीक नास्तिक होता. त्याला एका मित्राने देवळातल्या तसबिरी दाखवल्या. वादळातून वाचलेल्या खलाशांनी नवस फेडायला त्या लावलेल्या. "देव माणसांची काळजी घेत नाहीत म्हणतोस ना? हे बघ." डायागोरस म्हणाला, बुडालेल्यांच्या तसबिरी कुठे आहेत? त्या कोणी लावल्याच नाहीत.

नवस फेडायला माणूस परत येतो. न फळलेला नवस फेडायला कोणी येत नाही. देवळाबाहेरच्या गर्दीवरून देव पावतो का, हे ठरवताना ही गळती कायम लक्षात ठेवावी लागते.

नायगावकर:

धागा वाचतोय. सगळं बरोबर असेल, पण आमच्या घरात हा प्रश्न असा आलाच नाही.

माझे आजोबा परळच्या गिरणीत होते, बिऱ्हाड नायगावच्या बीडीडी चाळीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. पहिलीच प्रतिज्ञा, ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही. आजोबांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि पाण्यात सोडले. आजी रडली होती म्हणतात. तिला भीती वाटली, देव कोपेल. आजोबा म्हणाले, आजवर काय कमी कोपलाय?

दलितांना प्रवेश मिळावा म्हणून नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि पाच वर्षं चालला. दार उघडलं नाही. ज्या देवाच्या दारात आपल्याला माणूस म्हणून उभं राहता येत नाही, तो आहे की नाही हे कुमारिलाला विचारून काय करायचं? आम्ही विचारलं, हा देव मानल्याने माणूस माणसाशी कसा वागतो? उत्तर रोज समोर होतं. जुनी_पोथी म्हणतात देव न मानणाऱ्यांना वाळीत टाकलं नाही. देव मानणाऱ्या आमच्या लोकांना टाकलं होतं, हे त्याच परंपरेत लिहून ठेवा.

जुनी_पोथी:

लिहून ठेवलं. मी पंडितांच्या सभेपुरतं बोलत होतो. त्या सभेत कोणाला जागा होती हे सांगितल्याशिवाय ते वाक्य अपुरं आहे.

अर्धविराम:

नायगावकर, तुमच्या प्रतिसादाने चर्चा जमिनीवर आली. तरी एक गोष्ट वेगळी ठेवतो. देव मानल्याने अन्याय झाला यावरून देव नाही असं ठरत नाही. तो असेल आणि अन्यायीही असेल.

नायगावकर:

असेल. मग तो असला तरी आम्ही हात जोडणार नाही. तुम्हाला पुरावा मिळाला तर तुम्ही मत बदलाल, आम्हाला पुरावा मिळाला तर आम्ही त्याला जाब विचारू. तुमच्या आणि आमच्या नास्तिकपणात हा फरक आहे आणि तो राहू द्या.

फास्ट_लोकल:

थोडं अवांतर. फॉर्मवर धर्माच्या रकान्यात तुम्ही लोक काय लिहिता?

मिठागर:

'कोणताही धर्म नाही' असं लिहिता येतं. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की राज्यघटनेच्या कलम २५ मधल्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यात कोणताही धर्म न मानण्याचं स्वातंत्र्यही येतं आणि सरकार कोणालाही धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही.

वसईची_केळी:

कागदावर स्वातंत्र्य आहे, पण विलेपार्ल्याचंही सांगायला हवं. २०१२ मध्ये इर्ल्याच्या चर्चबाहेरच्या क्रुसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोक ते तीर्थ म्हणून भरून नेत होते. चमत्कारांची तपासणी करणारे बुद्धिप्रामाण्यवादी सनल एडामारुकू येऊन पाहून गेले आणि सांगितलं की जवळच्या तुंबलेल्या सांडपाण्याचं पाणी केशाकर्षणाने (बारीक छिद्रांतून पाणी आपोआप ओढलं जातं त्या क्रियेने) भिंतीतून वर चढून तिथे येतंय. त्यानंतर त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याबद्दलच्या २९५ अ कलमाखाली तक्रारी झाल्या आणि ते फिनलंडला निघून गेले. नळदुरुस्ती करणाऱ्याने सांगावं असं साधं कारण, त्यासाठी माणसाला देश सोडावा लागला. आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ते तर देव आहे की नाही या वादात शिरतही नव्हते. देवाच्या नावाने होणारं शोषण थांबवा, एवढंच सांगत होते.

पाऊसवेडी:

एक राहिलंच. नास्तिकाला मरणाच्या वेळी देव आठवतो असं नेहमी म्हणतात. माझे बाबा गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देहदान केलं. मेडिकल कॉलेजची माणसं यायची होती, मी फॉर्मवर सह्या करत होते. आत्या आली आणि म्हणाली, निदान तोंडात तुळशीपत्र तरी ठेवू दे. मी ठेवू दिलं. नातेवाईक नंतर म्हणाले, बघ, शेवटी मानलंसच. मी काहीच मानलं नव्हतं. आत्याने तिच्या भावाचा निरोप घेतला, तिला येत होता तसा. तिथे 'कशावरून' विचारायची जागा नव्हती. आत्म्याचं काय होणार, असं एका काकांनी मला विचारलं. तेव्हा मात्र मी सांगितलं, मला आत्मा आहे असं वाटत नाही, आणि बाबांनाही वाटत नव्हतं.

टाळकरी:

ताई, हे मनापासून पटलं.

अर्धविराम, एक शेवटचं. काय घडलं तर तुम्ही देव मानाल?

अर्धविराम:

उदाहरण देतो. तुटलेला पाय पुन्हा उगवला, आधीचे आणि नंतरचे एक्स-रे आहेत, वेगवेगळ्या डॉक्टरांनी तपासलंय, आणि हे फक्त एकाच देवाला साकडं घातल्यावर, पुन्हा पुन्हा घडतंय. एवढं झालं तर मी नक्की थांबून विचार करेन. माउंट मेरीला मेणाचे पाय इतकी वर्षं जाताहेत, असा एकही पाय उगवल्याची नोंद नाही. आता तुम्ही सांगा. काय घडलं तर विठ्ठल नाही असं म्हणाल?

टाळकरी:

दोन दिवस विचार केला. असं काहीच नाही. माझी आई आजारी होती तेव्हा मी म्हणालो होतो की पांडुरंगाने तिला बरं केलं. ती गेली असती तर म्हणालो असतो, त्याने तिला नेलं. दोन्हीकडे तोच. तुमच्या हिशेबात ही कच्ची बाजू आहे, मला कळतं. माझ्या हिशेबात भक्ती अशीच असते, तिला अटी नसतात. पण 'त्याने बरं केलं' हे वाक्य मी यापुढे तुमच्यासमोर पुरावा म्हणून ठेवणार नाही. बरं डॉक्टरांनी केलं. मी रात्रभर तिच्या उशाशी बसू शकलो, ते त्याच्यामुळे.

अर्धविराम:

या शेवटच्या वाक्याशी मी भांडणार नाही. पहिल्या भागाबद्दल आभार.

मिठागर, त्या प्रार्थनेच्या अभ्यासावर वेगळा धागा काढाल का? गट कसे पाडले आणि ५९ टक्क्यांचा अर्थ काय लावायचा, यावर बरंच बोलता येईल.

मिठागर:

काढतो. ५९ चा आकडा बघून 'प्रार्थनेने अपाय होतो' असं लगेच कोणी म्हणू नये, एवढं आत्ताच सांगून ठेवतो. बाकी तिकडे लिहितो.